खोऱ्याचे जुळे : मुळशीच्या मोजणीची गोष्ट

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता बराच वेळ मुळशी धरणाच्या जलाशयाच्या काठाने जातो. पावसाळ्याच्या अखेरीस हा काठ डोंगराच्या प्रत्येक वळशात शिरलेला, करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. भूगोलाच्या शिक्षकांना तो पाहताच समोच्च रेषा आठवावी, आणि ते बरोबरच आहे. साठलेल्या पाण्याचा काठ म्हणजे निसर्गाने जमिनीवर काढून दाखवलेली समोच्च रेषाच. मात्र मुळशीत ही रेषा पाण्याने आखण्याच्या काही वर्षे आधी माणसाने कागदावर आखली होती. कोणाचे शेत राहणार आणि कोणाचे जाणार, हे त्या कागदाने ठरवले.

भूप्रदेशाची संगणकातली हुबेहूब प्रतिकृती, म्हणजे ‘डिजिटल ट्विन’ किंवा अंकीय जुळे, हा शब्द आज वारंवार कानावर पडतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३५ पर्यंत देशातील प्रमुख शहरांची अशी जुळी तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. शब्द नवा असला तरी त्यामागची धडपड जुनी आहे. खऱ्या जमिनीवर काही करण्याआधी तिच्या प्रतिकृतीवर ते करून पाहावे, ही ती धडपड. मुळशीचे खोरे आणि त्याच्या शेजारचे मुठेचे खोरे यांत या धडपडीचे जवळजवळ सगळे टप्पे सापडतात. म्हणून आम्ही ही गोष्ट येथूनच सांगणार आहोत.

साखळीने मोजलेली जमीन

पहिला टप्पा महसुली मोजणीचा. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची घडी पुणे जिल्ह्यातच बसली. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी पद्धत वापरली, तीच पुढे इलाखाभर पसरली. मोजणीचे साधन होते ३३ फुटांची साखळी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. रुपयाप्रमाणे साखळीचेही सोळा आणे करत. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘आर’ दशमान पद्धतीबरोबर आला, पण गावात आजही जमीन गुंठ्यांतच बोलली जाते. ती त्या साखळीची आठवण.

या मोजणीचा हेतू एकच होता : शेतसारा ठरवणे. त्यामुळे ज्या गोष्टींवर सारा बसतो त्या नकाशात आल्या. शेताची हद्द आली, क्षेत्र आले, जमिनीची प्रतही नोंदीत आली. शेताची समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र आली नाही, कारण उंचीवर कर नव्हता. गावठाणातली घरेही एकेक करून मोजली गेली नाहीत, कारण तिथे शेतसारा नव्हता. कोणतीही प्रतिकृती सगळे काही टिपत नाही. ती करणाऱ्याला जे हवे असते तेवढेच ती टिपते. हे सूत्र पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

उंची मोजणारे वेगळेच होते. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. या कामातून आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांतून डोंगर, दऱ्या व नद्यांच्या उंची कागदावर आल्या. म्हणजे एका नकाशाला जमीन कोणाची ते ठाऊक होते आणि दुसऱ्याला ती किती उंचीवर आहे ते. दोन्ही नकाशे वेगवेगळ्या कचेऱ्यांत होते.

एका रेषेचे मोल

टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवण्याची वेळ आली. सह्याद्रीच्या माथ्यावर पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या अडवायच्या, ते पाणी पश्चिमेकडे कोकणात सोडायचे आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, अशी ही कल्पना. खोपोली व भिवपुरी येथील योजनांनंतर नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले. त्याचे पाणी कोकणात भिरा येथे सुमारे ५०० मीटर खाली पडणार होते.

यामागचे गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. ते ५०० मीटर खाली पडले तर १,००० × ९.८ × ५०० म्हणजे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे घरावरच्या हजार लिटरच्या टाकीएवढ्या पाण्यातून, गळती आणि घर्षण सोडले तर, साधारण १.३६ युनिट. दरवर्षी घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाकडे अभियंत्यांचे लक्ष का गेले, हे यावरून कळते.

आता दुसरे गणित पाहा. नदीकाठची भातखाचरे जवळजवळ सपाट असतात. जमिनीचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर पाण्याची पातळी एका मीटरने वाढवताच काठ ५० मीटर आत सरकतो. एक किलोमीटर लांबीच्या काठावर ही ५ हेक्टर, म्हणजे सुमारे १२ एकर जमीन होते. उंची मोजताना एक मीटर चूक झाली किंवा धरण एक मीटर उंच केले, तर कित्येक कुटुंबांचे आंबेमोहोर पिकवणारे शेत ‘बाहेर’चे ‘आत’ जाते. आराखड्यावर ती रेषा पेन्सिलीच्या जाडीएवढी असते.

मुळशी पेट्यातील ५० हून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे या रेषेच्या आत किंवा तिच्या प्रभावाखाली येत होती. जमीन रीतसर ताब्यात घेण्याआधीच चाचणीसाठी शेतांत खोदकाम सुरू झाले आणि असंतोषाची ठिणगी तिथेच पडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. काम काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या बाजूने वापरला, आणि १९२४ च्या अखेरीस लढा संपला. १९२७ मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. धरणाविरुद्धच्या जगातील पहिल्या संघटित आंदोलनांत या सत्याग्रहाची गणना होते.

या इतिहासातली एक बाब आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांकडे गेल्या होत्या. कागदोपत्री मालक सावकार, कसणारा मावळा. मोबदला घ्यायला अनेक सावकार तयार होते, पण शेत सोडायला कसणारा तयार नव्हता. नकाशा आणि दप्तर यांनी ‘ही जमीन कोणाची’ या प्रश्नाला उत्तर दिले. ‘या जमिनीवर कोण जगते’ हा रकानाच त्यांच्यात नव्हता. मोजणी अचूक असूनही चित्र अपुरे असू शकते, ते असे.

खडकवासल्यातल्या छोट्या नद्या

कागद स्थिर असतो, पाणी स्थिर नसते. नदीला बंधारा घातला तर गाळ कुठे साचेल, सांडव्यावरून पडणारे पाणी पायथा उकरेल का, हे कागदावरून सांगता येत नाही. त्यासाठी पुण्याजवळच एक वेगळी वाट सुरू झाली. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या अभ्यासासाठी एक विशेष शाखा काढली. तिचेच पुढे खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाले. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने इथे नद्यांच्या प्रतिकृतींवर दीर्घकाळ काम केले. पुढे ब्रिटनमध्ये जलसंशोधनाची राष्ट्रीय संस्था उभारली गेली, तेव्हा तिचे पहिले संचालकपद त्यांच्याकडेच गेले. म्हणजे मुठेकाठी मिळालेली विद्या थेम्सकाठी गेली.

इथे उघड्या मैदानात किंवा मोठ्या छपराखाली नदीचा एखादा पट्टा सिमेंट आणि वाळूने लहान करून बनवतात व त्यात खरेच पाणी सोडतात. यातले शास्त्र रंजक आहे. जहाजांच्या प्रतिकृतींवर काम करणाऱ्या विल्यम फ्रूडचा नियम असे सांगतो, की लांबी १०० पटींनी कमी केली तर वेग १०० च्या वर्गमुळाने, म्हणजे १० पटींनी कमी करावा लागतो. काळही १० पटींनी आक्रसतो, म्हणून दहा तासांचा पूर प्रतिकृतीत एका तासात उरकतो. प्रवाह म्हणजे रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार. त्यामुळे तो १०० × १०० × १०, म्हणजे एक लाख पटींनी कमी होतो. सेकंदाला १,००० घनमीटरचा महापूर प्रतिकृतीत सेकंदाला अवघ्या १० लिटरने दाखवता येतो!

एक अडचण राहते. एक किलोमीटर रुंद आणि पाच मीटर खोल नदी ५०० पटींनी लहान केली, तर रुंदी दोन मीटर होते आणि खोली फक्त एक सेंटिमीटर. इतक्या पातळ थरात पृष्ठताण आणि विष्यंदिता यांचा प्रभाव वाढतो आणि पाणी नदीसारखे वागत नाही. म्हणून अशा प्रतिकृतींत खोली मुद्दाम प्रमाणाबाहेर जास्त ठेवतात. पण मग ती नदीशी प्रामाणिक आहे हे कसे ओळखायचे? पूर्वी येऊन गेलेला, नोंद असलेला पूर तिच्यात सोडून पाहायचा. प्रत्यक्षात पाणी जिथवर चढले होते तिथवर प्रतिकृतीतही चढले, तरच पुढच्या प्रश्नांवर तिचे उत्तर मानायचे. या पडताळ्याशिवाय प्रतिकृती म्हणजे नुसते खेळणे.

जुळे हा शब्द कुठून आला?

खडकवासल्यातली नदी खऱ्या नदीसारखी होती, पण तिला खऱ्या नदीची आजची खबर नव्हती. ही उणीव भरून काढण्याचे प्रसिद्ध उदाहरण अवकाशातले आहे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातील ऑक्सिजनची टाकी फुटली. तेव्हा जमिनीवरची सराव-याने खऱ्या यानाच्या त्या क्षणाच्या स्थितीप्रमाणे जुळवली गेली आणि अंतराळवीरांना सांगायच्या कृती आधी त्यांवर करून पाहिल्या गेल्या. प्रतिकृती मूळ वस्तूबरोबर बदलत राहिली, हे इथले वैशिष्ट्य.

२००२ मध्ये अमेरिकेतील मायकेल ग्रीव्ह्ज यांनी कारखान्यातील उत्पादनांसाठी ही कल्पना मांडली : खरी वस्तू, तिची संगणकातली प्रतिमा आणि दोहोंना जोडणारा माहितीचा धागा. २०१० च्या सुमारास नासाच्या जॉन व्हिकर्स यांच्यामुळे तिला ‘डिजिटल ट्विन’ हे नाव मिळाले. दुसरीकडे १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी जमिनीचे वेगवेगळे नकाशे संगणकात थरांसारखे एकमेकांवर ठेवण्याची पद्धत विकसित केली होती. मुळशीत मालकीचा नकाशा आणि उंचीचा नकाशा हातांनी जुळवावे लागत, तेच काम यंत्राकडे गेले. हे दोन प्रवाह एकत्र आले आणि भूस्थानिक जुळे जन्मले.

तीन शब्दांतला फरक विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. एकदा तयार करून ठेवलेली ती प्रतिकृती. खऱ्या जगाकडून तिला सतत मोजमापे मिळत असतील तर ती छाया. आणि तिने दिलेल्या उत्तरावरून खऱ्या जगात काही बदलले, त्या बदलाचे मोजमाप पुन्हा तिच्याकडे आले, तर ते जुळे. जाहिरातींत जुळे म्हणून दाखवली जाणारी शहरांची रंगीत त्रिमित चित्रे बहुधा पहिल्या पायरीवरच असतात.

खोऱ्याची नाडी

मुळेचे पाणी पुण्यात मुठेला आणि पुढे भीमेला मिळते. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी राज्याच्या जलसंपदा विभागाने २०१० च्या दशकात, जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, पुण्यात एक यंत्रणा उभी केली. स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पाणीपातळी मोजणारी उपकरणे उपग्रहामार्फत आकडे पाठवतात. संगणकातील खोरे त्यावरून नद्यांच्या प्रवाहाचा व धरणांत येणाऱ्या पाण्याचा अंदाज करते. समजा एखाद्या पुलापाशी पाणी ५.२ मीटर चढेल असे गणित सांगते आणि उपकरण दाखवते ५.५ मीटर. हा ३० सेंटिमीटरचा फरक गणिताला परत शिकवला जातो आणि पुढचा अंदाज सुधारतो. खडकवासल्यातला पडताळा एकदा होत असे, इथे तो दर काही वेळाने होतो. दरवाजे किती उघडायचे हे अखेर अभियंतेच ठरवतात. त्यामुळे आम्ही या यंत्रणेला पूर्ण जुळे न म्हणता जुळे होऊ घातलेली छाया म्हणू. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला होता. त्या अनुभवानंतर जून २०२० मध्ये मुंबईसाठी सुरू झालेली ‘आयफ्लोज’ ही यंत्रणाही याच जातीची.

याची गरज किती आहे, ते २५ जुलै २०२४ ने दाखवले. मुळशी तालुक्यातील ताम्हिणीला २४ तासांत ५०० मि.मी.हून अधिक पाऊस नोंदला गेला, आणि पुणे शहरात त्याच्या जेमतेम पाव हिस्सा. इतक्या थोड्या अंतरात पाऊस इतका बदलतो, म्हणजे शहरातल्या पर्जन्यमापकावरून धरणात येणाऱ्या पाण्याचा अंदाज करता येणार नाही. त्याच दिवशी खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या घरांत पाणी शिरले. नदीत किती पाणी येणार हा एक प्रश्न. ते कोणाच्या दारात किती चढणार हा दुसरा, आणि त्याला नदीकाठच्या प्रत्येक भरावाची आजची उंची लागते. पुन्हा तीच एका मीटरची गोष्ट!

उपग्रहांमुळे उंची मोजणे सोपे झाले आहे, पण सगळी मोजमापे सारखी नसतात. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातील रडारने जवळजवळ साऱ्या जगाची उंची मोजली, पण त्या मोहिमेत १६ मीटरपर्यंतची चूक मान्य धरली होती. शिवाय दाट झाडीत रडारला जमीन नव्हे, झाडांचे शेंडे दिसतात. देशाचा आराखडा करायला हे पुरेसे आहे, भातखाचराचा निवाडा करायला नाही. त्यासाठी ड्रोन किंवा लेसर किरणांनी केलेली मोजणी लागते. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेला ‘निसार’ हा भारत-अमेरिका उपग्रह जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपण्यासाठी आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेले. सह्याद्रीतले उतार हलू लागण्याआधी ओळखता आले, तर या विद्येचे ते सर्वांत मोठे काम ठरेल.

एक खोरे, अनेक धनी

उद्योगांना अशा प्रतिकृतींचा काय उपयोग, हेही मुळशीच्याच पाण्यामागून गेल्यास दिसते. संध्याकाळी मुंबईची विजेची मागणी वाढते, तेव्हा भिऱ्याची यंत्रे फिरतात. तेच पाणी कुंडलिका नदीतून रोह्याच्या कारखान्यांना मिळते आणि कोलाडजवळ नौकाविहाराला उपयोगी पडते. १९९० च्या दशकात भिऱ्याला पाणी पुन्हा वर चढवणारा संचही बसला. त्यामुळे कोणते पाणी किती वेळा मोजले गेले याचाही हिशोब ठेवावा लागतो. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या १९७६ च्या निवाड्याने टाटांच्या योजनांसह भीमेच्या वरच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ५४.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. वीजकंपनी, कारखानदार, शहर, शेतकरी आणि शेजारची राज्ये या सर्वांचे हिशोब एकाच खोऱ्यात अडकलेले आहेत. प्रत्येकाने आपल्यापुरता नकाशा काढला तर भांडणे वाढतात. सर्वांना दिसणारी, सर्वांना तपासता येणारी एक प्रतिकृती असली, तर निदान आकड्यांवरचे भांडण संपते.

दुसरे उदाहरण टेमघरचे. मुळशी तालुक्यातच मुठेवर असलेल्या या धरणातून मोठी गळती होत असल्याचे २०१६ मध्ये राज्यभर गाजले आणि पुढे दुरुस्तीचे काम हाती घ्यावे लागले. धरणाच्या पोटात पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे आणि गळतीच्या नोंदी संगणकातल्या धरणाशी जोडलेल्या असतील, तर अमुक पातळीला इतके पाणी झिरपणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात ते किती जास्त आहे, हे लगेच दिसते. आराखड्यातले धरण कधी गळत नाही. खरे धरण आराखड्यापासून किती दूर गेले, हे सांगणे हेच जुळ्याचे काम.

रकाना कोण ठरवणार?

शेतसारा नसल्यामुळे जे गावठाण मोजायचे राहून गेले होते, त्याची मोजणी आता होते आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेखाली असे काम देशभर सुरू झाले. एका कराच्या हेतूने राहून गेलेला रकाना भरायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. १९२१ मध्ये कसणाऱ्याचा रकाना नव्हता. आजच्या जुळ्यात कुरणाचा, पाणवठ्याचा, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचा रकाना आहे का, हे विचारण्याचा हक्क गावाला हवा. आमच्या मते संगणकातले खोरे आधी ग्रामसभेत दाखवावे, लोकांनी त्यातल्या चुका सांगाव्यात आणि मगच त्यावरून निर्णय व्हावेत. खडकवासल्याच्या प्रतिकृतीला जुन्या पुराची परीक्षा द्यावी लागे. तशी ही माणसांची परीक्षा.

शाळेत याची सुरुवात सोप्या रीतीने करता येईल. पसरट घमेल्यात ओल्या मातीचे खोरे करावे, थोडे थोडे पाणी वाढवत दर सेंटिमीटरला काठाची रेषा काडीने कोरावी. पाणी काढल्यावर समोच्च रेषा समोर दिसतील. मग पारदर्शक कागदावर त्या खोऱ्यातली कल्पित शेते, घरे, विहिरी व देऊळ काढून तो वरून धरावा आणि प्रत्येक सेंटिमीटरला काय बुडते याची यादी करावी. सपाट भागात यादी एकदम वाढते, उतारावर सावकाश. त्यानंतर गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पूर्वीच्या पुराच्या खुणा नोंदवाव्यात आणि गावाच्या नकाशाशी ताडून पाहाव्यात. नकाशा कुठे चुकतो ते मुलांना दिसेल. मुलांनी यादीत काय घ्यायचे राहून गेले, हेही शेवटी त्यांनाच शोधायला सांगावे.